विश्लेषण : गिरडच्या टेकडीवरून जगाचा इतिहास शिकवता येईल? मोफत साधने कोणती आणि ती वापरायची कशी?

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातील गिरड हे गाव ख्वाजा शेख फरीद यांच्या टेकडीवरील दर्ग्यामुळे विदर्भात सर्वांना ठाऊक आहे. या टेकडीवर सापडणाऱ्या गोल दगडांमागे एक दंतकथा आहे. त्या कथेत व्यापार आहे, सूफी परंपरा आहे आणि भूगर्भशास्त्रही आहे. हे धागे धरून गेले की वाट एकीकडे अफगाणिस्तानात, तर दुसरीकडे इंडोनेशियात पोहोचते. जगाचा इतिहास शिकवण्यासाठी लागणारी पुस्तके, नकाशे, चित्रे आणि मूळ कागदपत्रे आज मोबाइलवर विनामूल्य उपलब्ध आहेत. मग ती मराठी माध्यमाच्या वर्गापर्यंत का पोहोचत नाहीत? आणि पोहोचवायची असतील तर सुरुवात कुठून करायची?

पाठ्यपुस्तकात जगाचा इतिहास किती आहे?

मराठी माध्यमाच्या मुलांना जगाचा इतिहास शिकवलाच जात नाही, असे म्हणता येणार नाही. बालभारतीच्या २०१६ मधील सहावीच्या पुस्तकात ‘प्राचीन भारत आणि जग’ हा पाठ आहे. २०१८ च्या आठवीच्या पुस्तकात युरोप आणि भारत यांच्या संबंधांची ओळख आहे. त्याच वर्षीचे दहावीचे पुस्तक इतिहासलेखनाच्या पाश्चात्य परंपरेपासून सुरू होते. २०२० मधील बारावीच्या पुस्तकात युरोपातील प्रबोधन, वसाहतवाद आणि शीतयुद्ध हे विषय येतात.

अडचण वेगळीच आहे. पाठ छोटा असतो, चित्रे मोजकी असतात आणि परीक्षेच्या दृष्टीने सनावळी पाठ करून काम भागते. ॲमस्टरडॅम, हेरात किंवा मँचेस्टर ही नावे गिरडच्या विद्यार्थ्याला आपल्याशी संबंध नसलेली वाटतात. मोफत साधनांचा खरा उपयोग इथे आहे. पाठ्यपुस्तकातील एका ओळीमागचे चित्र, नकाशा किंवा मूळ नोंद त्यांच्यामुळे मुलांसमोर ठेवता येते. मात्र त्यासाठी आधी प्रश्न हवा, आणि तो गावातलाच असेल तर उत्तम.

गिरडची दंतकथा काय आहे?

ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्ये गिरडची नोंद आहे. शेख फरीद हे तीस वर्षे फकीर म्हणून भ्रमंती केल्यानंतर इ.स. १२४४ च्या सुमारास गिरडला आले, असे सांगितले जाते, असे ती नोंद म्हणते. पुढे दगडांची कथा येते. टेकडीजवळून जाणाऱ्या दोन व्यापाऱ्यांनी फकिराची थट्टा केली आणि त्यांचा जायफळासारखा सारा माल दगड झाला. त्यांनी क्षमा मागितल्यावर फकिराने वाळलेल्या पानांपासून त्यांना पुन्हा माल करून दिला. त्यानंतर ते दोघे तिथेच सेवेत राहिले.

ही कथा इतिहासाच्या तासाला आणली की वर्गात तीन गोष्टी वेगळ्या करता येतात. टेकडीवर जाणाऱ्यांची श्रद्धा, पिढ्यान्पिढ्या सांगितली जाणारी दंतकथा आणि छापील नोंद. गॅझेटियर हे सरकारी पुस्तक असले तरी ‘असे सांगितले जाते’ हे शब्द त्यात आहेत. म्हणजे लिहिणाऱ्याने ऐकीव माहिती ऐकीव म्हणूनच नोंदवली. हा फरक मुलांना कळला तर अर्धा इतिहास शिकवून झाला, असे समजायला हरकत नाही.

आर. व्ही. रसेल यांनी संपादित केलेले वर्धा जिल्ह्याचे १९०६ चे गॅझेटियर आणि महाराष्ट्र शासनाचे १९७४ चे वर्धा गॅझेटियर ही दोन्ही पुस्तके डिजिटल स्वरूपात मोफत वाचता येतात. दोन्ही इंग्रजीत आहेत. एकाच जिल्ह्याबद्दल इंग्रज अधिकारी काय लिहितो आणि स्वातंत्र्यानंतरचे राज्य सरकार काय लिहिते, याची तुलना हा आठवी-नववीसाठी चांगला उपक्रम होऊ शकतो.

जायफळाचा धागा कुठे जातो?

श्रीखंडात आणि पुरणात पडणारे जायफळ मूळचे इंडोनेशियातील बांदा बेटांवरचे. कित्येक शतके जगाला लागणारे जायफळ या चिमुकल्या बेटांवरूनच जात असे. आयुर्वेदाच्या ग्रंथांत ‘जातिफल’ आहे, म्हणजे हा व्यापार युरोपीय लोक येण्याच्या कितीतरी आधीचा.

पुढे डच ईस्ट इंडिया कंपनी आली. तिची स्थापना १६०२ ची. जायफळाचा मक्ता आपल्याच हाती राहावा म्हणून यान पीटरसून कून याने १६२१ मध्ये बांदा बेटांवर स्वारी केली. बहुतेक स्थानिक लोक मारले गेले, गुलाम झाले किंवा पळून गेले. १६६७ च्या ब्रेडाच्या तहात बांदा समूहातील रन हे बेट डचांकडे राहिले आणि उत्तर अमेरिकेतील ज्या वसाहतीत आजचे न्यूयॉर्क आहे, ती इंग्रजांकडे राहिली. तेव्हा महाराष्ट्रात शिवाजी महाराज आग्र्याहून सुटून परतले होते. वेंगुर्ल्याला याच डच कंपनीची वखार होती आणि तिचे अवशेष आजही पाहता येतात.

या धड्यासाठी लागणारे साहित्य पैसे न देता मिळते. ॲमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियमने आपल्या संग्रहातील चित्रे आणि नकाशे मोठ्या आकारात मोफत खुले केले आहेत. विकिमीडिया कॉमन्सवर बांदा बेटांचे जुने नकाशे आहेत. डच कंपनीची कागदपत्रे २००३ मध्ये युनेस्कोच्या ‘जगाची स्मृती’ या नोंदवहीत समाविष्ट झाली. वर्गात एक जायफळ, एक जुना नकाशा आणि आजचा नकाशा एवढे ठेवले तरी वसाहतवादाचा पाठ सुरू करता येतो.

शेख फरीद यांचा धागा कुठे जातो?

सूफी परंपरेतील प्रसिद्ध बाबा फरीद गंजशकर यांचे निधन १२६५-६६ च्या सुमारास झाले. त्यांची कबर आज पाकिस्तानातील पंजाबमध्ये, पाकपट्टण येथे आहे. त्यांचे गुरू कुत्बुद्दीन बख्तियार काकी दिल्लीजवळच्या मेहरौलीचे, त्यांचे गुरू अजमेरचे ख्वाजा मोइनुद्दीन चिश्ती आणि ‘चिश्ती’ हे नाव आले अफगाणिस्तानातील हेरातजवळच्या चिश्त या गावावरून. शेख फरीद यांच्या नावाच्या रचना शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. त्याच ग्रंथात आपल्या संत नामदेवांचीही पदे आहेत.

हा धागा महाराष्ट्रातही परत येतो. बाबा फरीद यांचे शिष्य दिल्लीचे निजामुद्दीन औलिया. त्यांची संभाषणे अमीर हसन सिज्जी या कवीने ‘फवायदुल फुआद’ या ग्रंथात लिहून ठेवली. त्यांत गुरू फरीद यांच्या आठवणी आहेत. हा अमीर हसन पुढे दौलताबादला आला आणि त्याची कबर खुलताबादला आहे.

मग गिरडच्या टेकडीवरचे शेख फरीद कोण? हा प्रश्न विद्यार्थी विचारणारच. श्रद्धेला धक्का न लावता त्याला सामोरे जाता येते. थोर संतांच्या नावाची स्थाने एकाहून अधिक गावांत असणे भारतात सर्वत्र दिसते. कुठे ते राहिले असे मानतात, कुठे त्यांनी साधना केली असे मानतात, कुठे त्यांच्या परंपरेतील शिष्य असतो. गिरडला हिंदू आणि मुस्लीम दोन्ही समाजांचे भाविक येतात, ही आज डोळ्यांनी दिसणारी गोष्ट आहे. पाकपट्टणची नोंद, गॅझेटियरची नोंद आणि गावातील सांगणे या तिन्ही गोष्टी फळ्यावर शेजारी शेजारी लिहाव्यात. निवाडा देण्याची घाई इतिहासाच्या वर्गाने करू नये.

दगड आणि कापूस काय शिकवतात?

गॅझेटियरने गिरडच्या दगडांना झिओलाइट या खनिजाचे गोळे म्हटले आहे. दख्खनचे बेसॉल्ट हे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींच्या लाव्हापासून बनले. अशा खडकांच्या पोकळ्यांत झिओलाइट तयार होते. डायनासोर नष्ट झाले तोही काळ साधारण तोच. दंतकथा आणि भूगर्भशास्त्र एकाच दगडाबद्दल बोलतात, मात्र त्यांचे प्रश्न वेगळे असतात. दगड असा का दिसतो, हे विज्ञान सांगते. लोकांना त्यात जायफळच का दिसले, हे शोधणे इतिहासाचे काम.

टेकडीवरून खाली उतरले की शेतात कापूस भेटतो. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले. अमेरिकन कापूस अडकला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना भारताकडे वळावे लागले. हिंगणघाटचा कापूस तेव्हा नावाजलेला होता. युद्ध सुरू असतानाच, १८६२ मध्ये, वर्धा हा नागपूरपासून वेगळा जिल्हा झाला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. या घटनांचा एकमेकींशी संबंध होता का आणि किती, हे विद्यार्थ्यांनी गॅझेटियरमधून शोधावे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने यादवी युद्धाची छायाचित्रे मोफत ठेवली आहेत. गुलामांच्या श्रमावर उभी राहिलेली कापसाची शेती आणि आजोबांच्या शेतातला कापूस एकाच जागतिक बाजारात होते, हे छायाचित्र पाहून जसे कळते तसे व्याख्यानातून कळत नाही.

मराठीत मोफत काय मिळते?

बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात मोफत उतरवून घेता येतात. फक्त आपल्या इयत्तेचेच नव्हे, वरच्या इयत्तांचे पुस्तकही घ्यावे. आठवीच्या शिक्षकाला बारावीच्या इतिहासात भरपूर साहित्य सापडते.

‘किशोर’ मासिक १९७१ मध्ये सुरू झाले. त्याचे जुने अंक ऑनलाइन वाचता येतात. देशोदेशीच्या कथा आणि मुलांसाठी लिहिलेली माहिती यांचा हा मोठा साठा आहे.

मराठी विश्वकोशाचे वीस खंड संकेतस्थळावर खुले आहेत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईत सुरू झालेल्या या कामात जगभरातील देश, धर्म, राजघराणी, वनस्पती आणि खनिजांवर नोंदी आहेत. पहिला खंड १९७६ चा. त्यामुळे लोकसंख्येचे आकडे आणि काही देशांच्या सीमा आजच्या राहिलेल्या नाहीत. सोव्हिएत संघ तिथे अजून एकत्र दिसू शकतो. मूळ इतिहासासाठी विश्वकोश आणि ताज्या आकड्यांसाठी दुसरे साधन, अशी विभागणी करावी.

मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. लेखांचा दर्जा एकसारखा नाही, पण लेखाच्या तळाशी दिलेले संदर्भ आणि इतर भाषांतील दुवे उपयोगी पडतात. केंद्र सरकारच्या ‘दीक्षा’ व्यासपीठावर पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड स्कॅन करून संबंधित चित्रफिती पाहता येतात. वर्ध्यातीलच महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयाचे ‘हिंदी समय’ हे संकेतस्थळ हिंदी साहित्य मोफत देते. मराठी मुलांना हिंदी वाचता येते, हे विसरू नये.

इंग्रजीत कोणती साधने उपयुक्त आहेत?

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये पावणेचार लाखांहून अधिक चित्रे कोणत्याही अटीविना खुली केली. अमेरिकेच्या स्मिथसोनियनने फेब्रुवारी २०२० मध्ये २८ लाख प्रतिमा खुल्या केल्या. भारतात आयआयटी खरगपूरने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आणि केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाचे ‘इंडियन कल्चर’ पोर्टल आहे. ओपनस्टॅक्स या उपक्रमाने जागतिक इतिहासाचे दोन खंडांतील पाठ्यपुस्तक मोफत दिले आहे. स्मार्टहिस्टरीवर कला आणि वास्तूंवरील छोट्या चित्रफिती आहेत. जुनी, दुर्मीळ पुस्तके इंटरनेट अर्काइव्हवर सापडतात.

इंग्रजीची अडचण खरी आहे. मोबाइलवरील भाषांतराने अर्थ कळतो, पण विशेषनामे आणि पारिभाषिक शब्द हमखास चुकतात. भाषांतरित मजकूर जसाच्या तसा वाटण्याऐवजी चित्र किंवा नकाशा घ्यावा आणि त्याखालच्या चार ओळी शिक्षकाने स्वतः मराठीत लिहाव्यात. चित्राला भाषांतर लागत नाही.

‘मोफत’ म्हणजे हवे तसे वापरता येते का?

नाही. वाचायला मोफत आणि वापरायला मुक्त यांत फरक आहे. बालभारतीचे पुस्तक मोफत मिळते, पण त्याचे हक्क मंडळाकडेच आहेत. ते छापून विकता येत नाही. मेट्रोपॉलिटनने खुल्या केलेल्या चित्रांवर मात्र बंधन नाही. ती छापा, कापा, पुस्तिकेत घाला. या दोन टोकांच्या मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने येतात. काहींत निर्मात्याचे नाव देणे पुरते, काहींत व्यापारी वापराला मनाई असते. चित्राखालची ओळ वाचली की हे कळते.

भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी पुस्तक सर्वांसाठी खुले होते. पंडित नेहरूंचे निधन १९६४ मध्ये झाले. त्यामुळे तुरुंगातून कन्येला लिहिलेल्या पत्रांतून तयार झालेले त्यांचे जगाच्या इतिहासावरील मूळ इंग्रजी पुस्तक १ जानेवारी २०२५ पासून मुक्त झाले आहे. त्याच्या अनुवादांचे हक्क मात्र अनुवादकाच्या हयातीवरून ठरतात. वर्गात शिकवण्यासाठी उतारा वापरण्यास स्वामित्व हक्क कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे. दिल्ली विद्यापीठातील छायाप्रतींच्या खटल्यात २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ही सवलत उचलून धरली होती.

विश्वास किती ठेवायचा?

मोफत साधनांबरोबर मोफत अफवाही त्याच मोबाइलवर येतात. मंदिर, दर्गा, राजा किंवा लढाई यांबद्दलचे संदेश व्हॉट्सॲपवर फिरतात तेव्हा त्यांत सन असतो, आकडा असतो, चित्रही असते. नसते ते फक्त एवढेच, की ही माहिती कुठून आली.

विद्यार्थ्यांना चार प्रश्नांची सवय लावता येते. हे कोणी लिहिले? केव्हा लिहिले? त्याला हे कसे कळले? दुसरीकडे कुठे हीच गोष्ट सापडते का? हे प्रश्न फॉरवर्डला लावायचे तसेच संग्रहालयाच्या संकेतस्थळालाही लावायचे. युरोपातील संग्रहालय आपल्याकडील वस्तू दाखवते तेव्हा ती तिथे कशी पोहोचली, हे विचारणे हाही इतिहासच. इंग्रज अधिकाऱ्याचे गॅझेटियर कामाचे आहे, पण महसूल गोळा करणाऱ्या राज्याने ते लिहवून घेतले होते, हे मुलांना माहीत असावे.

शाळेत एकच मोबाइल असेल तर?

तरीही जमते. चांगले नेटवर्क मिळेल तेव्हा पीडीएफ आणि चित्रे उतरवून ठेवावीत. चित्रफितीपेक्षा चित्राला डेटा खूप कमी लागतो. एका धड्यासाठी एक चित्र, एक नकाशा आणि एक उतारा पुरेसा आहे. चित्राची एक मोठी प्रत छापून आणली तर ती वर्षानुवर्षे चालते. उतारा फळ्यावर लिहिता येतो. पन्नास दुवे गटावर पाठवण्यापेक्षा एक दुवा नीट वाचून त्यावर तीन प्रश्न काढणे अधिक उपयोगाचे.

मुलांकडूनही साहित्य तयार करून घेता येते. टेकडीची कथा घरातील वडीलधाऱ्यांना विचारून प्रत्येकाने लिहून आणावी. वीस मुलांच्या वीस वह्यांत कथा थोडी थोडी वेगळी येईल. ती का बदलली, यावरची चर्चा हा इतिहासलेखनाचा प्रत्यक्ष धडा ठरेल. दहावीच्या पहिल्या पाठाचा विषयही तोच आहे.

वर्ध्याला ही कल्पना नवी आहे का?

मुळीच नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यातच गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि त्यातून डॉ. झाकीर हुसेन समिती नेमली गेली. हस्तोद्योग, भोवतालचा निसर्ग आणि भोवतालचा समाज यांच्याशी जोडून शिकवावे, हा नयी तालीमचा गाभा होता. सूत कातताना कापसाचा भूगोल आणि इतिहास शिकायचा, ही पद्धत. तेव्हा शिक्षकाकडे चरखा होता, पण मँचेस्टरच्या गिरणीचे किंवा अमेरिकेतील कापसाच्या मळ्याचे चित्र मिळवणे कठीण होते. आज ते काही सेकंदांत मिळते.

युनेस्कोने नोव्हेंबर २०१९ मध्ये मुक्त शैक्षणिक साधनांबाबत शिफारस स्वीकारली. तिच्यात साधने सर्वांसाठी खुली करण्याबरोबरच ती स्थानिक भाषेत आणि स्थानिक गरजेनुसार घडवण्यावर भर आहे. जगातील संग्रहालयांनी आपले काम बऱ्यापैकी केले आहे. बांदा बेटांच्या नकाशाखाली मराठीत चार ओळी लिहिणे आणि त्याच्या शेजारी गिरडचा दगड ठेवणे हे काम मात्र ॲमस्टरडॅममध्ये होणार नाही. ते समुद्रपूर तालुक्यातील शाळेतच होऊ शकते, आणि त्याला शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.